घरासाठी कुत्रा निवडताना : मुधोळ की स्पिट्झ?

(ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दत्तात्रेयाच्या चरणांशी चार कुत्री असतात आणि ती चार वेदांची प्रतीके मानली जातात, हे साखळीच्या दत्तमंदिरात दर्शनाला जाणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. आपल्या परंपरेने कुत्र्याला देवाच्या पायाशी जागा दिली. घराच्या सोप्यावर मात्र त्याला कोणती जागा द्यावयाची, याचा विचार फारच थोड्या घरांत होतो. गाय घेताना दूध, वय, वेत, शिंगे व स्वभाव पाहिला जातो. कुत्रा घेताना बहुधा केवळ रूप पाहिले जाते. पिल्लू गोजिरवाणे दिसले, मुलांनी हट्ट धरला, किंवा शेजाऱ्याने उमदा कुत्रा आणला, एवढ्यावर निर्णय होतो आणि पुढची दहाबारा वर्षे घर व कुत्रा दोघेही त्या निर्णयाचे ओझे वाहतात.

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत हा प्रश्न आज विशेष महत्त्वाचा झाला आहे. २०२३ च्या जानेवारीत मोपा येथील विमानतळावरून वाहतूक सुरू झाल्यानंतर पेडण्यात बाहेरच्या माणसांची ये-जा वाढली आहे. दोन्ही तालुक्यांत मुले नोकरीनिमित्त पणजीस, मुंबईस वा आखातात आणि घरी वृद्ध आईवडील, अशी घरे पुष्कळ आहेत. अशा घरांना राखणीसाठी कुत्रा हवासा वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्यापुढे जी नावे येतात, त्यांपैकी दोन नावे एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत. एक, बेळगावच्या वाटेने घाटाखाली येणारा उंच, सडपातळ मुधोळ. दुसरे, पांढरेशुभ्र, झुपकेदार शेपटीचे स्पिट्झ, ज्याला सर्रास 'पॉमेरियन' म्हटले जाते. या दोहोंपैकी कोणते घ्यावे, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

दोन जाती, दोन कुळे

मुधोळ हे गाव आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात असले, तरी १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत ते घोरपडे घराण्याच्या मराठी संस्थानाची राजधानी होते. दख्खनच्या माळरानावर ससे व हरिणे यांच्या शिकारीसाठी पाळल्या जाणाऱ्या या कुत्र्यास महाराष्ट्रात कारवान किंवा करवानी असेही म्हणतात. संस्थानाधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या जातीच्या जोपासनेस उत्तेजन दिले आणि पंचम जॉर्ज बादशहास या कुत्र्यांची जोडी भेट दिली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. भारतीय डाक खात्याने २००५ मध्ये देशी श्वानजातींवर जी चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. २०१६ मध्ये या जातीची कुत्री मेरठ येथील लष्करी केंद्रात प्रशिक्षणासाठी नेण्यात आली. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात देशी जाती पाळण्याचे आवाहन करताना मुधोळचे नाव घेतले, तेव्हापासून त्याची मागणी वाढली.

मुधोळची उंची खांद्याशी सुमारे ६५ ते ७२ सेंटिमीटर व वजन २० ते २८ किलोग्रॅम असते. छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय लांब, केस आखूड. हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार करतो. दूरवर काही हलले की तो धावतो, आणि एकदा धावू लागला की हाकेने थांबेलच असे नाही. हा त्याचा दोष नव्हे. शेकडो वर्षांच्या निवडीने त्याच्या अंगी बाणवलेला तो धर्म आहे.

स्पिट्झचे कूळ युरोपातील. इंग्रजांच्या काळात ही जात हिंदुस्थानात आली व येथेच रुळली. खरा पॉमेरेनियन दोनतीन किलो वजनाचा असतो. आपल्याकडे त्या नावाने जो मिळतो तो बहुधा भारतीय स्पिट्झ होय. त्यातील लहान प्रकार पाचसात किलोचा व मोठा बारा ते वीस किलोपर्यंत भरतो. परदेशी कुत्र्यांची आयात कठीण होती त्या काळात शहरांतील मध्यमवर्गीय घरांनी यालाच जवळ केले. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातील टफी नावाचा कुत्रा याच जातीचा होता. स्पिट्झ चलाख, लवकर शिकणारा व माणसाला चिकटून राहणारा आहे. माळावरच्या धावेची त्याला गरज नाही. माणसांच्या सहवासाची मात्र फार आहे.

आपला पाऊस दोघांनाही परका

मुधोळच्या प्रदेशात वर्षाकाठी पाचसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. गोव्यात तो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. जून ते सप्टेंबर हे चार महिने घराच्या भिंतींनाही ओल येते. म्हणून 'मुधोळ देशी आहे, तेव्हा त्याला येथे काही होणार नाही' हे म्हणणे अर्धसत्य आहे. उन्हाळा तो उत्तम सोसतो. आखूड केसांमुळे भिजल्यावर लवकर वाळतो आणि त्याच्या अंगावरची गोचीड चटकन दिसते. परंतु त्याच्या अंगावर चरबीचा थर नसतो. ओल्या जमिनीवर निजवल्यास तो गारठतो व कोपरे सोलवटतात. पावसाळ्यात त्याला जमिनीपासून वीतभर उंच फळी व कोरडे पोते हवेच.

स्पिट्झची अडचण नेमकी उलट आहे. त्याच्या केसांचे दोन थर असतात. आतला लोकरीसारखा थर एकदा भिजला की आपल्या दमट हवेत दिवसभर वाळत नाही. त्याखाली कातडीस बुरशी लागते, खाज सुटते, जखमा होतात, आणि गोचिडी दडून बसतात. रोज विंचरणे, भिजल्यावर पंचाने कोरडे करणे, कानांच्या मागे, बगलेत व बोटांच्या फटींत पाहणे, ही कामे ज्या घरात नित्यनेमाने होणार असतील, त्याच घराने स्पिट्झ आणावा. उन्हाळ्यात त्याचे केस मुळापासून कापू नयेत. ते केस उन्हापासून त्याच्या कातडीचे रक्षण करतात, व कापल्यावर पूर्ववत् येतीलच असे नाही. त्याऐवजी दुपारी घरात, गार फरशीवर, वाऱ्याला ठेवावा.

राखण म्हणजे काय?

बहुतेक घरे कुत्रा आणतात ती राखणीसाठी. तेव्हा राखण म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवले पाहिजे. घरातील माणसाला वेळेवर जागे करणे ही एक राखण. येणाऱ्याला अडवून धरणे ही दुसरी. आपल्या गावातील साध्या घराला बहुधा पहिलीच हवी असते. त्या कामात स्पिट्झ अग्रेसर आहे. फाटकाची कडी वाजली, अंगणात पाऊल पडले की तो भुंकू लागतो. त्याच्या आकाराचे भय कोणाला वाटत नाही. पण आवाजाने घरचेच नव्हे, शेजारचेही उठतात. मात्र हाच गुण अतिरेकाने दोष होतो. दिवसभर एकटा ठेवलेला स्पिट्झ दिवसभर भुंकतो, आणि दाटीच्या वाड्यावर त्यावरून भांडणे होतात.

मुधोळ अंगापिंडाने मोठा, म्हणून तो अधिक चांगला राखणदार, अशी समजूत आहे. ती तपासून घेतली पाहिजे. हा कुत्रा स्वभावाने अबोल व अलिप्त असतो. अनोळखी माणसाने अंगास हात लावलेला त्याला आवडत नाही, आणि घरच्यांशी तो एकनिष्ठ राहतो. परंतु उठसूट भुंकणे हा त्याचा स्वभाव नव्हे. त्याचे दर्शन वचक बसविते हे खरे. पण त्याला आक्रमक करण्यासाठी जे लोक सतत बांधून ठेवतात वा डिवचतात, ते राखणदार नव्हे, संकट निर्माण करतात. बांधून ठेवलेला धावणारा कुत्रा चिडका होतो, आणि त्याचा पहिला चावा बहुधा घरातील वा शेजारच्या मुलालाच बसतो.

काजूच्या बागेत वा कुळागरात माकडे, वानर व रानडुकरे नासधूस करतात; त्यासाठी मुधोळ हवा, असेही काही बागायतदार म्हणतात. माकड झाडावर चढते, कुत्रा चढत नाही. तो तेवढ्यापुरते त्यांना हुसकावील, एवढेच. रानडुकराशी झुंज झाल्यास नाजूक कातडीचा हा कुत्रा फाटून परततो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत प्राण्यांचा पाठलाग करविणेही घातले आहे. कुत्रा सोडून ससा वा अन्य संरक्षित प्राणी मारविणे हा गुन्हा आहे. 'कुत्र्याने मारला, आम्ही नाही' ही सबब चालत नाही.

किनारा आणि डोंगर

पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर, मोरजी व मांद्रे येथे, हिवाळ्याच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालण्यासाठी येतात. वन खाते व स्थानिक ग्रामस्थ त्या घरट्यांची राखण करतात. मोकाट कुत्री ती घरटी उकरतात व वाळूतून समुद्राकडे निघालेली पिल्ले खातात. तेव्हा किनाऱ्यालगतच्या घराने कुत्रा कोणताही पाळला तरी त्या महिन्यांत तो रात्री किनाऱ्यावर मोकळा सोडू नये. मुधोळला धावण्यासाठी किनारा सोयीचा वाटतो हे खरे. पण पहाटे त्याला लांब दोरीने धरून न्यावे, आणि घरट्यांच्या खुणा असलेला भाग टाळावा.

किनाऱ्यापासून आत, कोरगाव, धारगळ, हळर्ण या बाजूस घरोघरी कोंबड्या आहेत, काही घरी शेळ्याही आहेत. कुंपण म्हणजे पुष्कळदा नुसती झाडोऱ्याची वई. अशा वाड्यावर मुधोळ आणणाऱ्याने एक गोष्ट मनाशी ठरवावी : धावणारी कोंबडी ही त्याच्या दृष्टीने शिकारच. पिल्लूपणापासून सवय लावल्यास घरच्या कोंबड्यांना तो सोडील. शेजारच्या कोंबड्यांविषयी हमी देता येत नाही. ज्याच्याकडे पाचसहा फूट उंचीचे पक्के कुंपण नाही, त्याने हा कुत्रा घेऊच नये. स्पिट्झच्या बाबतीत हा धोका पुष्कळच कमी.

डिचोली तालुक्यात लाटंबार्से, कुडचिरे यांसारखी डोंगराकाठची गावे आहेत. तेथे प्रश्न बिबट्याचा. महाराष्ट्रातील अकोले तालुक्यात झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात बिबट्याच्या आहारातील सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा असल्याचे आढळून आले. रात्री पडवीत बांधलेला कुत्रा पळू शकत नाही. तो राखणदार न राहता आमिष होतो, आणि बिबट्याला घराच्या उंबऱ्यापर्यंत वाट दाखवितो. मुधोळ मोठा आहे म्हणून तो बिबट्याला अडवील, हा भ्रम आहे. रानाजवळच्या घराने कुत्रा लहान असो वा मोठा, रात्री दाराआड, छपराखाली बंद ठेवावा. रात्रभर कुत्रा बाहेरच राहिला पाहिजे अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांनी आधी दिव्याची व कुंपणाची सोय करावी.

मुले, वृद्ध आणि स्वयंपाकघर

घरात कोण आहे हा पुढचा प्रश्न. सत्तरीच्या आजोबांना पंचवीस किलोचा, दोरीला हिसका देणारा मुधोळ फिरवता येणार नाही. एका झटक्यात ते पडतील. त्यांना स्पिट्झची सोबत अधिक सोसेल, पण त्याचे विंचरणे दुसऱ्या कोणाला तरी करावे लागेल. दोनतीन वर्षांचे मूल असेल तर दोन्ही जातींविषयी सावधगिरी हवी. स्पिट्झला शेपूट ओढलेली खपत नाही व तो झटकन दात लावतो. मुधोळ सहसा उठून दूर जातो, पण त्याच्या धावेच्या आड आलेले मूल आदळते. लहान मूल व कुत्रा यांना मोठे माणूस जवळ नसताना एकत्र ठेवू नये, हा नियम सर्व जातींना लागू आहे.

या बाबतीत शाळांचे कार्य मोठे आहे. जेवणाऱ्या वा झोपलेल्या कुत्र्यास हात लावू नये, अनोळखी कुत्र्यासमोर धावू नये, पिल्लांजवळ असलेल्या कुत्रीच्या वाटेस जाऊ नये, आणि ओरखडा जरी उठला तरी तो घरी लपवू नये, या चार गोष्टी प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने मुलांच्या अंगवळणी पाडाव्यात.

खर्चाचा हिशोबही आधी करावा. मुधोळचा आहार लहान स्पिट्झच्या जवळजवळ तिप्पट असतो. उरलेली पेज व माशाचे काटे यांवर दोघेही पोसले जात नाहीत. भात, काटे काढलेली उकडलेली मासळी, अंडे, बिनमसाल्याचे मांस असा आहार द्यावा. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट कुत्र्यास अपायकारक आहेत. शिजलेली हाडे आतड्यात रुततात. मुधोळसारख्या खोल छातीच्या कुत्र्यास जेवणानंतर लगेच पळवू नये. पोट फुगून प्राणावर बेतते. स्पिट्झच्या बाबतीत धोका लाडाचा. बिस्किटे व गोड पदार्थांनी तो लठ्ठ होतो आणि त्याचे दात लवकर किडतात. त्याच्या गळ्याची नळी नाजूक असल्याने फिरवताना गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा.

आरोग्य व कर्तव्य

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. सहा ते आठ आठवड्यांपासून पशुवैद्याच्या सल्ल्याने साथीच्या रोगांच्या लशी सुरू कराव्यात, तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस टोचावी व पुढे ती नियमाने देत राहावी. उंदीर व साचलेले पाणी यांमुळे आपल्याकडे लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याची लसही आवश्यक आहे. नजरेने शिकार करणाऱ्या जातींना भुलीची काही औषधे अधिक चढतात. म्हणून मुधोळवर शस्त्रक्रिया करावयाची असल्यास त्याची जात डॉक्टरांना आधी सांगावी. पैदास करावयाची नसेल तर नर-मादी दोघांचेही निर्बीजीकरण करून घ्यावे.

येथे गोव्याच्या एका कामगिरीचा उल्लेख केला पाहिजे. २०१४ पासून राज्य शासन व मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून गावोगावी कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण, शाळांतून शिक्षण व रोगाची सतत टेहळणी असा कार्यक्रम चालविला. कुत्र्यांमधील रेबीजचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला. ही कामगिरी कायमची नव्हे. शेजारच्या प्रदेशातून आणलेले एक बिनलशीचे पिल्लूही ती धोक्यात आणू शकते. म्हणून घाटावरून मुधोळ आणा वा शहरातून स्पिट्झ, त्याचा लसीचा दाखला मागून घ्यावा, आणि आल्याबरोबर त्यास तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. पंचायतीत वा नगरपालिकेत त्याची नोंद करावी. चावा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही न लावता त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे आणि लशीचे सर्व डोस पूर्ण करावेत.

चुकीच्या निवडीचा खरा तोटा येथेच दिसून येतो. जो कुत्रा घराला झेपत नाही, तो एके दिवशी दूरच्या बाजारात, किनाऱ्यावर वा बंद पडलेल्या खाणीच्या रस्त्यावर सोडून दिला जातो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने पाळलेला प्राणी असा टाकून देणे गुन्हा ठरविले आहे. परंतु कायद्यापलीकडेही त्याचे परिणाम आहेत. घरात वाढलेले स्पिट्झ रस्त्यावर फार दिवस तगत नाही. मुधोळ तगतो, पण गावच्या कोंबड्यांवर, कासवांच्या घरट्यांवर आणि रानातल्या सशांवर. टाकलेल्या कुत्र्याची लस कोणी टोचत नाही. एका घराने रूप पाहून केलेली निवड अशा रीतीने साऱ्या गावाचा प्रश्न होऊन बसते.

मग निवड कशी करावी?

ज्या घराला पक्के कुंपण आहे, ज्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ तासभर कुत्र्यासह चालणारा-धावणारा धडधाकट माणूस आहे, ज्यांच्याकडे मोकळ्या कोंबड्या नाहीत, आणि जे रात्री त्याला छपराखाली घेणार आहेत, त्या घराने मुधोळ अवश्य घ्यावा. तो डौलदार, निरोगी व निष्ठावंत आहे, आणि एक देशी जात जतन केल्याचे समाधानही मिळेल. जे घर लहान आहे, जेथे दिवसभर कोणीतरी माणूस असते, ज्यांना सोबत व सूचना एवढेच हवे, आणि जे पावसाळाभर रोज कंगवा हाती घेण्यास तयार आहेत, त्यांनी स्पिट्झ घ्यावा.

आणि ज्या घराला या दोन्ही अटी झेपत नाहीत, त्याने हताश होण्याचे कारण नाही. वाड्यावर जन्मलेले गावठी पिल्लू, ज्याला आपण घरात 'सुणे' म्हणून हाक मारतो, ते या पावसात, या हवेत पिढ्यान् पिढ्या वाढले आहे. त्याचे केस आखूड, खाणे बेताचे, भुंकणे वेळेवर. लस, निर्बीजीकरण व दोन वेळचे अन्न मिळाल्यास ते बहुसंख्य घरांना पुरेसे आहे. फक्त त्यालाही घरचे मानले पाहिजे; रात्री हाक मारून आत घेतले पाहिजे.

तात्पर्य, कुत्रा बाजारात पाहण्यापूर्वी आपले घर पाहावे : कुंपण, माणसे, वेळ, ओल आणि शेजार. या पाच गोष्टींचे उत्तर प्रामाणिकपणे दिले, म्हणजे मुधोळ की स्पिट्झ हा प्रश्न बहुधा आपोआप सुटतो.